न तुटलेल्या तीन साखळ्या

संपादकांनी पत्रात लिहिलंय, "हापसे दुरुस्त करताना भेटलेली माणसं, घडलेल्या गमती, असं काही खुसखुशीत द्या. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं आवडतं."

गमती पुष्कळ आहेत. वैजापूरकडच्या एका गावात एका आजीबाईंनी मला अमावास्येला हापशाला पाना लावू दिला नव्हता. हळदकुंकू लावून त्या हापशाला पाठ टेकून बसल्या, आणि आमची गाडी तीस मैल रिकामी परत आली. दुसऱ्या गावात एका गुरुजींची लेखी तक्रार होती की हापसा चालतो उत्तम, पण दांडा कुरकुरतो आणि दुपारची झोप मोडते. मी ग्रीस भरून आलो. आठ दिवसांत त्याच गावच्या बायकांची तक्रार आली, की हापशाचा आवाज गेल्यापासून पाणी भरायला कोण आलंय ते घरात बसून कळत नाही. शेवटी ग्रीस पुसून आलो.

असं लिहून मी तुमची दिवाळी गोड केली असती. पण गेल्या उन्हाळ्यापासून माझं डोकं तापलेलं आहे. गारखेड्यातल्या घराच्या गच्चीवर येरझाऱ्या घालतो, बायको म्हणते गोळी घ्या. गोळीनं उतरणारा राग नाही हा. त्यातला निम्मा स्वतःवरचा आहे.

आधी आमचं काम सांगतो. सरकारी कागदावर मी 'हातपंप यांत्रिकी', गावकऱ्यांच्या तोंडी 'हापशाचे मिस्त्री'. एक गाडी, मी आणि दोन मदतनीस. तालुक्याच्या ऑफिसात तक्रार आली की निघायचं. हापशाच्या लोखंडी डोक्यात, पुढच्या झाकणाच्या आत, वीतभर लांबीची एक साखळी असते. सायकलच्या साखळीची जाडजूड थोरली बहीण म्हणा. तिचं वरचं टोक बोल्टानं दांड्याला, खालचं टोक सळयांना. त्या सळया जमिनीत दीडशे फूट खाली सिलिंडरपर्यंत जातात. सिलिंडरमध्ये चामड्याचे वायसर असत. दांडा खाली दाबला की साखळी सळया वर ओढते, आणि ते चामडं पाण्याला वर ढकलतं.

हे चामडं लक्षात ठेवा. आमच्यात वायसर बसवण्यात सगळ्यात तरबेज होता भानुदास, माझा मदतनीस, वयानं माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, बौद्ध वस्तीतला. तेलात भिजवलेलं चामडं तो बोटानं दाबून सांगायचा की हे दोन उन्हाळे टिकंल, हे नाय टिकनार. मोठमोठ्या सोवळ्याच्या घरांतल्या माणसांच्या घशात जाणारा घोट भानुदासच्या हातच्या चामड्याला घासून वर यायचा. तरी त्या घरांत आम्हाला चहा आला की भानुदासचा कप वेगळा असायचा, कान तुटलेला, गोठ्याच्या वळचणीला पालथा ठेवलेला. भानुदास म्हणायचा, "मला च्या चालत नाय, पित्त होतं." तीस वर्षांत गाडीतल्या थर्मासचा चहा पिऊन त्याला एकदाही पित्त झालेलं मी पाहिलं नाही.

आणि मी? मी धनगराचा. देवगाव रंगारीजवळच्या एका वाडीवर वाढलो. माझा बाप मेंढरं घेऊन फिरायचा, तेव्हा गावागावांत पाण्यासाठी हात जोडायचा. एका गावच्या आडावरून त्याला दगड मारून हाकलला होता, ती खोक त्याच्या कपाळावर मरेपर्यंत होती. म्हणजे मला सगळं कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

आता त्या गावाकडे येतो. त्याचं नाव लिहिणार नाही, का लिहिणार नाही ते शेवटी सांगतो. आमच्या भागात त्याला 'साखळीचं गाव' म्हणतात.

दुष्काळी उन्हाळा होता. गावात दोन हापसे, एक मारुतीच्या पाराजवळ आणि दुसरा ओढ्यापलीकडे बौद्ध वस्तीत. वस्तीतला बोअर आटला. तहसीलमधून हुकूम निघाला की टँकर सुरू होईपर्यंत सगळ्यांनी पारावरचा हापसा वापरायचा. पहिल्या दिवशी वस्तीतल्या बायका गेल्या, कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गयाबाई किसन साळवे नावाची तिशीतली बाई नंबराला उभी होती. चौघांनी तिची घागर लाथेनं उडवली, तिला ढकललं, हापशाला शिवायचं नाही म्हणून बजावलं. दुपारपर्यंत हापसा बंद पडला. गावानं त्याची तक्रार केली नाही. त्यांची सोय झालेली होती, पाटलांच्या मळ्यातली विहीर होती ना. ती गावासाठी उघडी, वस्तीसाठी नाही.

तक्रार केली गयाबाईनं. चेपलेली घागर डोक्यावर घेऊन ती बारा मैल चालत तालुक्याला आली. आधी पोलिसांत गेली, मग आमच्या ऑफिसात. दुसऱ्या दिवशी आम्ही गावात.

झाकण उघडलं. साखळी नाही.

तुटलेली साखळी कशी दिसते ते सांगतो, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे. साखळी तुटते ती मधल्या कडीत. अर्धी दांड्याला लोंबकळते, अर्धी सळईच्या टोकाला राहते, दोन्ही बोल्ट जागच्या जागी असतात. इथं वरचा बोल्ट काढलेला, खालचा बोल्ट काढलेला, साखळी अख्खी गायब. आणि काढणारा माणूस इतका टापटिपीचा, की दोन्ही बोल्टांवर नट पुन्हा फिरवून ते डोक्याच्या आतच ठेवून, झाकण नीट आवळून गेला होता. आपल्याकडे लोखंड असं वाऱ्यावर टाकत नाहीत.

भानुदासनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात पाटील आले. पांढरंशुभ्र धोतर, मिशीला पीळ, बोलणं मधाळ. "मिस्त्री, उन्हात काय काम करता, या सावलीला." मला ओसरीवर खुर्ची दिली. धनगराच्या पोराला पाटलाच्या ओसरीवर खुर्ची! माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू? कपबशीत चहा आला. पाटील सांगू लागले की रझाकारांच्या टायमाला या गावानं कसा मार खाल्ला, पोलीस ॲक्शन झाली तेव्हा इथल्या वेशीवर झेंडा लावायला त्यांचे वडील कसे पुढं होते. "ज्या गावानं जुलूम सोसला ते गाव जुलूम करील का, मिस्त्री? साखळी जुनी होती. तुटली, पोरांनी दिली फेकून. लिहा तसं."

मी तसं लिहिलं.

आमच्या रजिस्टरात चार रकाने असायचे. तक्रारदार, दोष, केलेले काम, शेरा. तक्रारदाराच्या रकान्यात आम्ही सवयीनं 'ग्रामस्थ' लिहायचो. इथंही लिहिलं 'ग्रामस्थ'. बारा मैल चालत आली ती गयाबाई, आणि रजिस्टरात ग्रामस्थ. दोषाच्या रकान्यात लिहिलं, साखळी तुटली. केलेले काम, नवीन साखळी बसविली. शेरा, हातपंप चालू.

गाडीत भानुदास एवढंच म्हणाला, "तुटली लिवलं व्हय?" मी म्हटलं, "साहेब म्हणतात आपलं काम पंप चालवायचं, गाव चालवायचं नाही." साहेब खरंच तसं म्हणायचे. पण त्या दिवशी साहेब गाडीत नव्हते.

आठ दिवसांनी पुन्हा तेच. वस्तीतल्या बायका पाराकडे निघाल्या की साखळी गायब, नट फिरवलेले, झाकण आवळलेलं. मी पुन्हा लिहिलं, साखळी तुटली. पुढं तिसऱ्यांदा. एका उन्हाळ्यात एकाच हापशाच्या तीन साखळ्या तुटल्या असं माझं रजिस्टर सांगतं. साखळी साधारण पाच-सात वर्षं जाते. कुणी साध्या नजरेनं वाचलं असतं तरी हसला असता. पण रजिस्टर वाचतो कोण? चौथी साखळी बसवली तोवर वस्तीत टँकर सुरू झाला होता, बायका पारावर यायच्या थांबल्या होत्या, म्हणून ती टिकली.

मग केस उभी राहिली. गयाबाईनं माघार घेतली नव्हती. नागरी हक्कांच्या कायद्याखाली चौघांवर खटला, आणि आरोपींच्या वकिलानं साक्षीदार म्हणून बोलावलं कुणाला, तर मला. रजिस्टर घेऊन गेलो.

वकिलानं विचारलं, "हापसा बंद होता?"

"होता."

"कारण?"

"साखळी."

"रजिस्टरात काय लिहिलंय ते वाचा."

मी वाचलं. साखळी तुटली.

"हस्ताक्षर तुमचं?"

"माझं."

वकील न्यायाधीशांकडे वळला. हापसा सगळ्या गावालाच बंद होता, तर या बाईला अडवलं कुणी आणि कशावरून? बंद हापशावर ही पाणी भरायला गेली कशाला? सरळ आहे की घागर घरीच चेपली. हापसा बंद पडला तो घागर उडवल्यानंतर, हे मला ठाऊक होतं. साखळी काढलेली होती, हेही ठाऊक होतं. मला ते कुणी विचारलं नाही. आणि न विचारता सांगायला जे लागतं, ते माझ्याकडे नव्हतं. समोरच्या बाकावर गयाबाई माझ्याकडे टक लावून बसली होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. मी आता पुढचं वाक्य बोलेन याची ती वाट पाहत होती.

चौघे सुटले. गावात त्यांची मिरवणूक निघाली, आणि त्या दिवसापासून गयाबाईचं नाव पडलं 'खोटी गया'. तिच्या नवऱ्याला मजुरी मिळेना. पोरांना शाळेत 'खोटीचा' म्हणत. बाजारात ती भाजी घ्यायला उभी राहिली की कुणीतरी म्हणायचं, हिची घागर बघा, घरी चेपलेली असंल. पस्तीस-छत्तीस वर्षं हे चाललं. माझी त्या काळात दोनदा बढती झाली.

पण गंमत बघा. कोर्टानं गावाला सोडलं, लोकांनी सोडलं नाही. आजूबाजूच्या गावांना सगळं माहीत होतं. 'साखळीचं गाव' हे नाव चिकटलं ते चिकटलं. त्या गावची पोरं शहरात राहायला आली तरी गाव विचारलं की शेजारच्या गावाचं नाव सांगतात. सोयरिकीला पाहुणे येतात आणि गावाचं नाव ऐकून चहा घेऊन उठतात. तर आता गावानं ठरवलं की हा डाग पुसायचा. डाग पुसायचा म्हणजे काय, तर चूक कबूल करायची, असं तुम्हाला वाटेल. छे. चूक झालीच नव्हती, हे वाजतगाजत सांगायचं.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या दारात एक तरुण आला. पाटलांचा नातू, गावचा सरपंच. म्हातारे पाटील कधीच गेले. पोरगा वाईट नाही, हेही लिहितो. वाकून नमस्कार केला. "काका, गावात कार्यक्रम ठेवलाय. जुन्या वस्तूंचं प्रदर्शन, पुस्तिका, सत्कार. सलोख्याच्या पुरस्कारासाठी गावाचं नाव वर पाठवायचंय. तुमचा सत्कार आहे. फक्त चार शब्द बोला. तुमच्याच रजिस्टरात आहे ना, साखळी तुटली म्हणून? तेवढंच सांगा."

"आणि गयाबाई?"

"त्यांचा बी सत्कार आहे. साडी-चोळी. त्या बी स्टेजवर बसणारेत." मग म्हणाला, "काका, माझ्या बहिणीचं तीनदा मोडलं ओ, गावाच्या नावापायी."

मला त्याची दया आली, आणि त्याच वेळी संतापही. बहिणीचं मोडलं याचं दुःख कळतं, आणि छत्तीस वर्षं खोटी ठरलेल्या बाईला एका साडीत गुंडाळायला निघालाय. मी येतो म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही. बहुतेक गयाबाई स्टेजवर काय करते ते बघायला.

शाळेच्या खोलीत प्रदर्शन होतं. जातं, कंदील, निजामाच्या काळचे शिक्के मारलेले कागद. भिंतीवर मोठा फलक, 'अन्यायाविरुद्ध लढणारं आमचं गाव', त्यावर पोलीस ॲक्शनच्या दिवसांची हकीकत आणि पाटलांच्या वडिलांचा फोटो. फलकासमोर गयाबाई उभी होती. केस पांढरे, पाठीला बाक. मला ओळखलं तिनं. म्हणाली, "मिस्त्री, त्या टायमाला येशीवर येसकर म्हनून रखवालीला माझा सासरा व्हता. वाचून बघा, त्याचं नाव कुठं हाय का." मी वाचलं. नव्हतं.

फलकाच्या शेजारी लाकडी पाटीवर तीन खिळे होते. खिळ्यांना तीन साखळ्या, पुसून, तेल लावून टांगलेल्या. खाली चिठ्ठी, 'गावच्या पहिल्या हातपंपाच्या जुन्या साखळ्या'.

मी एक साखळी हातात घेऊन तिची शेवटची कडी बघितली. मला एक सवय होती. मी बसवलेल्या प्रत्येक साखळीच्या शेवटच्या कडीवर लोखंडी पंचानं दोन ठिपके मारायचो, म्हणजे ती आपणच बसवलेली हे पुढं ओळखता यावं. एका साखळीवर ठिपके नव्हते, ती मूळची. उरलेल्या दोन्हींवर होते. माझेच. सरपंचाला विचारलं, या कुठं मिळाल्या? तो कौतुकानं म्हणाला, "आजोबांच्या गोठ्यात, खिळ्याला. आमच्या घरात लोखंड टाकत नाहीत, काका."

टाकत नाहीत. वस्तीचं पाणी तोडलं, बाईची इज्जत मातीत घातली, पण सरकारी साखळी जपून ठेवली, गंजू दिली नाही. आणि आता चिठ्ठी लावून मांडली. पोराला बिचाऱ्याला माहीतच नव्हतं आपण काय टांगलंय.

मी तिन्ही साखळ्या खिळ्यांवरून काढल्या आणि स्टेजवर गेलो. माझा नंबर आला. माईकसमोर मी साखळ्या वर धरल्या आणि विचारलं, "यातली तुटलेली कोणती ते मला कुणीतरी दाखवा."

 मग मी सांगितलं. बोल्ट कसे काढलेले होते, नट कसे फिरवलेले होते, ओसरीवर चहा घेऊन मी काय लिहिलं, कोर्टात काय वाचलं. गयाबाई खोटी नव्हती, खोटा मी होतो, आणि तुम्हा जुन्या लोकांना ते त्या दिवशीही माहीत होतं. पुढच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, "जाऊ द्या हो. झालं गेलं गंगेला मिळालं." माझा आवाज चढला. म्हटलं, गंगेला मिळालं म्हणायला तुमचं काय गेलं होतं? ज्यांचं काही जात नाही तेच आधी गंगेला हात जोडतात.

मी साखळ्या गयाबाईच्या ओटीत ठेवल्या. तिनं एक उचलली. डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून एकेक कडी बोटांनी चाचपत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मग दुसरी. मग तिसरी. 

"तुटली नाय," ती म्हणाली. "मी तवाच म्हनले व्हते."

कुणीतरी तिला म्हणालं, सत्काराची साडी परत करा, बाई, यांची साडी घेऊ नका. गयाबाईनं साडी काखेत घट्ट धरली. "का म्हनून? माझी हाय ती. लई वर्सांची ऱ्हायलेली."

निघताना दाराशी अभिप्रायाची वही होती. लोकांनी लिहिलं होतं, स्तुत्य उपक्रम, गावाचा अभिमान वाटतो. मी चार रकाने आखले आणि छत्तीस वर्षांपूर्वी लिहायला हवी होती ती नोंद लिहिली. खाली सही केली.

पंधरा दिवसांनी सरपंचाचा फोन आला. "काका, ते पान फाडलं. मी नाही फाडलं, आईची शप्पथ. पण फाडलं." मी विचारलं, "आणि साखळ्या?" म्हणाला, "गयाबाईंकडंच आहेत. मागायला कुणी गेलं नाही. माझीबी हिंमत नाही." मग हळूच म्हणाला, "फलकावर त्यांच्या सासऱ्याचं नाव मी लिहिलंय. खडूनं. पुसतात, मी परत लिहितो." एवढं एक बरं ऐकलं त्या गावाकडून. आभाळ फाटलंय आणि ठिगळ खडूचं, पण लावणारा निदान सुई शोधतोय.

हा लेख लिहायच्या आधी मी गयाबाईकडे गेलो. भानुदास असता तर त्यालाही नेला असता, तो तीन वर्षांमागं गेला. साखळ्या तिच्या दारावर, चौकटीच्या खिळ्याला. म्हटलं, बाई, वहीतलं पान फाडता येतं, दिवाळी अंकाच्या सगळ्या प्रती फाडता येत नाहीत. मी सगळं लिहिणार आहे. गावाचं नाव, पाटलांचं नाव, चौघांची नावं.

तिनं चौकटीवरच्या साखळ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "गावाचं नको लिवू. मी बी तितलीच हाय, माझी नात बी तितलीच हाय. तिलाबी उद्या पाव्हनं येतील." आणि माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, "माझं तेवढं लिव. पुरं लिव."

म्हणून ते फाडलेलं पान इथं पुन्हा लिहितो.

तक्रारदार : गयाबाई किसन साळवे.
दोष : साखळी तुटलेली नाही. काढून नेली, तीन वेळा.
केलेले काम : माहीत असून खोटी नोंद केली.
शेरा : तक्रार खरी होती.